बिनफिटरची खुर्ची

अण्णा लघाटे कोणाकडे गेले की चहा येईपर्यंत त्या घरातली एक तरी वस्तू उघडून बसलेले असायचे. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी एक छोटा पाना कायम. पंखा, कुकरचं झाकण, देवघरातली समईसुद्धा त्यांनी सोडली नाही. एकदा आमच्याकडे हळदीकुंकवाला सुनेला सोडायला म्हणून आले आणि ओटीवर बसल्या बसल्या आईच्या शिलाई मशीनचं पायडल सोडवून मोकळे झाले. आई वैतागली. "अहो अण्णा, चालत होतं की ते!" तर म्हणाले, "चालत होतं, पण कुरकुरत होतं. कुरकुरत चालतं ते अर्ध्या पगारावर चालतं." पुन्हा जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले. ते आईच्या तळहातावर ठेवून त्यांनी जाहीर केलं, "यांची बदली झाली." मशीनचा आवाज गेला हे आईला मान्य करावं लागलं, पण ते दोन स्क्रू मात्र तिने डबीत जपून ठेवले. न जाणो!

अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लागले तेव्हा वाफेची इंजिनं होती, निवृत्त झाले तेव्हा ती फक्त शोभेला उरली होती. झाशीत मराठी घरं ती किती, आणि त्यांतही घरात मराठी बोलणारी त्याहून कमी. अण्णा खंडेराव गेटच्या आत राहायचे. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदीचा सांधा लागलेला. मला ते "बेटा" म्हणायचे, रागावले की "बाईसाहेब". आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते मुख्यतः मनावरचं एक ओझं खाली ठेवायला. ते घेऊन फिरून मी दमले आहे.

पुण्यातली नोकरी सोडून मी झाशीला परत आले ते एक खुर्ची डोक्यात घेऊन. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने उभं राहता यावं अशी ती खुर्ची. बाजूला एक दांडा. तो मागेपुढे केला की बैठक टप्प्याटप्प्याने वर येते, पुढे कलते आणि माणूस आपोआप पायांवर येतो. प्रत्येक टप्प्याला एक खटका दातेरी पट्टीत अडकतो आणि बैठक तिथेच धरून ठेवतो. वीज लागत नाही, कारण आमच्या बुंदेलखंडात विजेच्या भरवशावर कोणी म्हाताऱ्याला उभं करू नये. सदर बाजारात एका दुकानाच्या मागे शेड घेतली, इक्बालभाई वेल्डर आणि बांधाबांधीला रामकली, एवढी माणसं ठेवली आणि दारावर स्टार्टअपची पाटी लावली. खुर्ची सुंदर झाली. दोघाचौघांनी बघून वाहवा केली आणि किंमत ऐकून नमस्कार करून गेले.

तेवढ्यात गावोगाव दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेचे मिश्राजी आले. दोनशे खुर्च्या हव्यात म्हणाले, पण किंमत निम्मी. निम्मी! मी रात्रंदिवस कागदावर आकडे खोडत बसले. ही ऑर्डर गेली तर शटर ओढायचं आणि पुण्याला तोंड लपवून परत जायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं. इक्बालभाई आणि रामकलीला काय सांगायचं ते मात्र दिसत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "लघाट्यांच्या अण्णांना दाखव. नाहीतरी ते लोकांच्या वस्तू मोडतच हिंडतात, तुझी मोडू देत."

अण्णा आले. खुर्चीभोवती एक फेरी मारली, तिच्यावर बसले नाहीत. "अगं, ही तर नवरीसारखी नटवली आहेस. स्टार्टअप म्हणजे काय गं?"

"नवीन कंपनी, अण्णा."

"मग कंपनी म्हण ना. लाजतेस कशाला?" असं म्हणून पाना काढला आणि खाली मांडी घालून बसले. एकेक बोल्ट सोडवायचा, माझ्यासमोर धरायचा आणि विचारायचं, "हा इथं बसून पगार कशाचा घेतो?" मला उत्तर देता आलं तर बोल्ट परत जागेवर. नाही आलं तर खिडकीत. संध्याकाळपर्यंत खिडकीत बोल्टांची रांग लागली आणि खुर्ची तशीच्या तशी उभी होती. मी इंजिनिअर, पुण्यात मोठ्या कंपनीत सहा वर्षं काढलेली. मला रडू यायचं बाकी होतं, आणि खरं सांगते, हसूही येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दहाला यायला लागले. पगाराचं विचारलं तर म्हणाले, "चहा दे, आणि दुपारी मला झोपू नकोस देऊ." चार पाइप जोडून केलेली चौकट त्यांनी एकाच पाइपला वाकवून करायला लावली. इक्बालभाईचं निम्मं वेल्डिंग तिथेच वाचलं. मी पाच जातींचे बोल्ट वापरले होते, काही तर पुण्याहून मागवायचे. अण्णांनी सगळीकडे एकच जात केली. "जो बोल्ट रविवारी बडा बाजारात मिळत नाही, तो आपला नाही. उद्या ओरछ्याच्या एखाद्या म्हातारीचा बोल्ट पडला तर ती काय पुण्याला जाणार?" गादीचं रेक्झिन गेलं, चकचकीत टोप्या गेल्या, माझ्या कंपनीचं उठावाचं नाव गेलं. त्या नावावर मी अडून बसले होते. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "उभं राहताना म्हातारा ते वाचणार आहे का?"

एका गोष्टीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. खटका आणि दातेरी पट्टी. खटका घसरला तर माणूस आदळणार, म्हणून ती जोडी ते स्वतः बसवायचे. दातांना निळा रंग लावायचा, खटका फिरवायचा, जिथे रंग उठेल तिथे घासतंय म्हणून कानस. पुन्हा रंग, पुन्हा कानस. एका जोडीला अर्धा दिवस. जमली की दोन्हींवर एकच आकडा ठोकायचा, म्हणजे या पट्टीचा हाच खटका. वर्कशॉपची रीतच ती, तिथे प्रत्येक भागाला त्याचा जोडीदार ठरलेला. "लग्न आहे ते," अण्णा म्हणायचे. कानस चालत असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालायचं नाही. तेवढा वेळ ते माझ्या ओळखीचे म्हातारे अण्णा नसायचे, कोणी तरी मोठा हुद्देदार माणूस कामावर बसला आहे असं वाटायचं.

पहिल्या पाच खुर्च्या मिश्राजींना दाखवायला न्यायच्या होत्या. मला वाटलं, निदान रंग तरी नीट असावा. अण्णांना न विचारता मी सगळे सुटे भाग रंगाच्या भट्टीत पाठवले. तिथून आले ते जाड, गुळगुळीत, देखणे. आणि एकाही भागावर आकडा दिसेना. रंग आकड्यांत भरून बसला होता. त्या दिवशी अण्णांच्या घरी श्राद्ध होतं, ते येणार नव्हते. मी स्वतःशी म्हटलं, सगळे खटके एकाच मापाचे तर आहेत, काय फरक पडतो? ज्याला आयुष्यात कानस धरावी लागलेली नाही, त्यालाच असं वाटू शकतं. आम्ही हाताला येतील तसे लावून टाकले.

दवाखान्यात पहिल्या दोन खुर्च्या चालल्या. तिसरीवर एक आजोबा बसले, सगळे त्यांना कक्का म्हणत होते. निम्मे उठले आणि खटका घसरला. कक्का एक टप्पा खाली धप्पकन आदळले. लागलं नाही, पण त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दोन्ही हातांनी दांडा धरून ते म्हणत होते, "उतारो, हमें उतारो." मिश्राजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मैडम, एक महीना देता हूँ. सब एक जैसी चाहिए. कोई भी पुर्ज़ा किसी में भी लगे. नहीं तो रहने दीजिए," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सगळं सांगितलं. रंगाचंही सांगितलं. मला वाटलं आता बाईसाहेब म्हणून झापतील. पण ते पाच पट्ट्या आणि पाच खटके जमिनीवर मांडून बसले आणि एकेक जोडी शोधायला लागले, रंग खरवडत, बोटाने चाचपत. दुपारपर्यंत पाचही लग्नं त्यांनी पुन्हा लावली. मग मान वर न करता म्हणाले, "दोनशे खुर्च्या. एकीला अर्धा दिवस. एकट्या माझ्या हाताने कशा होणार?"

हे मला केव्हाचं ठाऊक होतं. या खुर्चीत आता एकच महाग गोष्ट उरली होती आणि ती समोर मांडी घालून बसली होती. खिडकीत ठेवता येण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"बोल ना. अण्णा, तुम्ही नडताय, म्हण."

"असं काय बोलता अण्णा..."

"बाईसाहेब, चाळीस वर्षं या हाताचं काम कोणी परत पाठवलं नाही." उठले, पाना खिशात टाकला आणि निघून गेले. त्यानंतर चार दिवस आले नाहीत.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कानस घेऊन मीच बसून बघितलं. बोटं सोलली, खटका बसला नाही. इक्बालभाई म्हणाले, "दीदी, ये हमसे नहीं होगा, झूठ क्यों बोलें." महिन्यातले दिवस जात होते आणि मी नुसती शेडमध्ये इकडून तिकडे फिरत होते. पाचव्या दिवशी मुकाट ऑटो केली आणि खंडेराव गेटला गेले.

सुनेने दार उघडलं. "बरं झालं दीदी, तुम आ गयीं. पिताजींनी घरातले सगळे नळ खोलून ठेवलेत." चांगली मुलगी होती, घर चांगलं होतं, कोणी त्यांना उणं बोलत नव्हतं. नातू मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देऊन मोबाइलमध्ये डोकं घालत होता. अण्णा मागच्या पडवीत पुठ्ठा कापत बसले होते. मला बघून म्हणाले, "ये. बस. इथं मी नुसता बसलेला असतो बघ. घरात बसलेला माणूस म्हणजे काय, झाडू मारताना त्याला पाय वर घ्यायला सांगावं लागतं, बास." हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

मग पुठ्ठा पुढे सरकवला. "मालगाडीच्या डब्याचं दार बघितलंयस?"

"लांबून."

"मीही लांबूनच बघायचो. आमच्यात ते काम हलकं. बेअरिंग बसवणारा फिटर दाराकडे वळूनही बघायचा नाही. सगळं ढिलं, खडखडणारं. पण काल रात्रभर विचार करत होतो बेटा. त्या दाराची कडी कोणीही हमाल लावतो. पावसात लावतो, गंजल्यावर लावतो, लाथ मारून लावतो. इथली कडी भुसावळच्या डब्याला बसते. आणि वाटेत दार उघडत नाही. का? कारण ती कडी आपल्या वजनाने खाली पडते, आणि माल जेवढा रेटतो तेवढी ती घट्ट होते."

पुठ्ठ्याच्या पट्टीत त्यांनी दात कापलेच नव्हते. तिरक्या, ऐसपैस खाचा होत्या. खटक्याच्या जागी एक साधी सळई. बैठक वर जाईल तशी सळई एकेका खाचेत आपोआप पडायची, आणि वरून दाबलं की आणखी आत रुतायची. कानस नाही, निळा रंग नाही, आकडे नाहीत. खाचा तर पत्रा कापायच्या कोणत्याही प्रेसवर कापून मिळाल्या असत्या. मी ती पुठ्ठ्याची पट्टी वीसदा तरी फिरवून बघितली. इतकं सोपं!

"ढिलं ठेवायचं," अण्णा म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "सळई खाचेपेक्षा बारीक ठेव. खडखडू दे. याला फिटर लागणार नाही. मी लागणार नाही."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, असं कसं अण्णा, तुम्ही तर लागणारच. किंवा निदान गप्प तरी राहायचं. पण मी इतकी थकले होते, आणि सुटका समोर दिसली होती. मी म्हटलं, "कधीपर्यंत तयार होईल?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मंगळवारपर्यंत," म्हणाले.

मंगळवारी पाच खुर्च्यांचे सगळे भाग शेडच्या मधोमध एका ढिगात ओतले. अण्णांनी ते स्वतः हाताने कालवले, भात कालवावा तसे. मग रामकलीला बोलावलं. ती खोकी बांधायची, तिने पाना कधी धरला नव्हता. "तूच लाव."

"हम? हमें का आउत, अन्ना जी?" आपल्याला कुठं येतं हे, म्हणून ती मागे सरकली.

"तुझे नहीं आता, इसीलिए तो."

अण्णा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. रामकलीने पहिला बोल्ट उलटा घातला, तेव्हा त्यांचे हात सुटले आणि पुन्हा बांधले गेले. दुसऱ्यांदा सुटले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्या वेळात मला त्यांची पाठ दिसत होती, कधी नव्हे ती वाकलेली वाटली. चहा उकळून उतू जाईपर्यंत रामकलीने खुर्ची उभी केली. "हो गई, अन्ना जी."

अण्णा बसले. दांडा ओढला. खड्, खड्, खड्. कुरूप आवाज होता. निम्म्यावर थांबले आणि बसल्या जागी अंग उचलून धाडकन आदळले. एकदा, दोनदा, तीनदा. इक्बालभाई "अरे, अरे" करत धावले. खुर्ची तसूभर खाली आली नाही. अण्णा पूर्ण उभे राहिले, रामकलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पास." इक्बालभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी तर बाहेर जाऊन रडून घेतलं. आनंदानेच रडले, खोटं का सांगू?

मिश्राजींनी पाचही खुर्च्यांचे भाग आपल्या हाताने अदलाबदल करून बघितले आणि ऑर्डर दिली. दोनशे गेल्या, मग आणखी आल्या. रामकलीच्या हाताखाली तिच्या गल्लीतल्या चौघी जणी आल्या. शेड लहान पडायला लागली. अण्णा दहाला यायचे, ते येतच राहिले. दारात उभं राहून विचारायचे, "काही अडलंय का?" सुरुवातीला आम्ही काहीतरी विचारायचो. मग खरंच काही विचारण्यासारखं उरलं नाही. ते एखाद्या तयार खुर्चीवर बसायचे, आणि ती खुर्ची खोक्यात भरायची असली की रामकली अदबीने म्हणायची, "अन्ना जी, तनक उते बैठ जाओ." ते तिकडच्या खुर्चीवर बसायचे. मग तीही भरायची वेळ यायची. रोजचे ते एक दिवसाआड झाले, मग आठवड्यातून एकदा.

शेवटचे आले ते पौषात. कडाक्याची थंडी होती, मफलर गुंडाळलेला. मी फोनवर होते, ट्रकवाल्याशी भांडत होते. अण्णा समोर येऊन थांबले. फोनवर हात ठेवून मी मान वर केली.

"काही अडलंय का, बेटा?"

"नाही हो अण्णा. काहीच नाही. एवढ्या खुर्च्या गेल्या, एक परत आली नाही."

"वा," म्हणाले. दोनदा म्हणाले. मी पुन्हा फोनला लागले. बोलून झालं तेव्हा अण्णा गेले होते. चहाही न घेता.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. तेराव्याला मी गेले तर मुलगा सगळ्यांना माझी ओळख करून देत होता, हीच ती खुर्चीवाली दीदी. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पिताजी आपकी बहुत तारीफ करते थे. रोज दहाला कपडे करून बसायचे. हम कहते, जाइए न, मन बहल जाएगा. तर म्हणायचे, कशाला जाऊ, तिथं काही अडत नाही. फिर सबको बताते, मैंने ऐसी चीज़ बनाई है कि वहाँ कुछ अटकता ही नहीं."

मी मान हलवली. त्यांना अभिमान होता यात शंका नाही, आणि तो खोटा नव्हता. त्या खुर्चीवर आज कितीतरी म्हातारी माणसं आपापल्या हाताने उभी राहतात. पण त्या दिवशी फोन बाजूला ठेवून मला एक सळई वाकडी करून ठेवता आली असती. पाच मिनिटांचं काम होतं. म्हणायला हवं होतं, अण्णा, बरं झालं आलात, ही बसतच नाहीये बघा. त्यांनी मला झापलं असतं, मांडी घातली असती, आणि जेवायच्या वेळेपर्यंत कानस चालवली असती.